पोरींचा खेळाचा तास परत द्या
कोल्हापुरातल्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि संस्थाचालक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडली आणि चौथ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर नवीन वेळापत्रकाचा फोटो आला. नववीला मागच्या वर्षी आठवड्यातून दोन खेळाचे तास होते. यंदा बुधवारच्या तासाच्या जागी ‘गणित (जादा)’ आलंय आणि शनिवारच्या चौकोनात ‘खेळ / स्वाध्याय’ असं लिहिलंय. मधे तिरकी रेघ. या दोनांतलं खरं काय होणार, हे मी विचारायच्या आधीच माझ्या मुलीनं सांगून टाकलं. “आई, खेळ नसणारच. मागच्या वर्षीपण शनिवारी वह्याच पूर्ण करत बसायचो.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. चौदा वर्षांच्या मुलीनं हे इतक्या सहज धरून चालावं, याचाच मला जास्त त्रास झाला. म्हणून हे पत्र.

माझ्या मुलीच्या शाळेचं नाव मी इथे लिहीत नाही. ते वेळापत्रक आल्यावर मी बहिणींना, नणंदेला, लॅबमधल्या सहकाऱ्यांना फोन केले. कुणाची मुलगी शहरातल्या शाळेत, कुणाची उपनगरात, एकीची गडहिंग्लजकडे. थोड्याफार फरकानं सगळीकडून तेच ऐकलं. त्यामुळे एका शाळेवर बोट ठेवण्यापेक्षा तुम्हा सर्वांशी बोलावं असं वाटलं.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सोळा वर्षं झाली. सकाळी साडेसहाला माझा दिवस सुरू होतो, कारण उपाशीपोटीचं सॅम्पल द्यायला लोक तेव्हाच येतात. मी कामाला लागले तेव्हा समोरच्या खुर्चीत शुगरसाठी बसणारी माणसं साधारण माझ्या आई-वडिलांच्या वयाची असायची. आता त्याच खुर्चीत युनिफॉर्म घातलेल्या मुलीही बसतात. इथूनच परस्पर शाळेला जायचं असतं, म्हणून दप्तर बरोबरच असतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर थायरॉइड, तीन महिन्यांची शुगर, उपाशीपोटीचं इन्सुलिन लिहिलेलं असतं. अशा किती मुली येतात याचा आकडा मी देणार नाही, कारण तो मी कधी मोजलेला नाही. पण पूर्वी अशी चिठ्ठी आली की आम्ही एकमेकींना दाखवायचो. आता दाखवत नाही.

गेल्या पावसाळ्यातली एक मुलगी मला विसरता येत नाही. आठवीत होती. पाळी चार महिने आली नव्हती म्हणून डॉक्टरांनी पाठवलेली. दंडाला पट्टा बांधून मी शीर शोधत होते, तेवढ्यात तिच्या आईनं तिची वेणी बाजूला करून मला मान दाखवली. मागच्या बाजूला काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा. “रोज डाळीच्या पिठानं घासते बघा ताई, निघतच नाही.” पोरगी डोळे मिटून बसली होती. सुईची भीती तिला वाटत नव्हती, चारचौघांत मान दाखवली याची लाज वाटत होती. मी आईला एवढंच सांगितलं की ही घाण नाही, घासू नका, डॉक्टरांना दाखवा. शरीरात इन्सुलिनचं काम नीट होईना झालं की ते रक्तात वाढत जातं आणि मानेवर, काखेत कातडी अशी काळी आणि जाड होते. घासून ती फक्त सोलवटते.

सॅम्पल घेऊन झाल्यावर कापूस दाबून बसलेली असताना मी तिला विचारलं, “खेळतीस का गं काही?” ती म्हणाली, “खेळाच्या तासाला मी ऑफिसात रजिस्टरं लिहिते. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून.”

ज्या मुलीच्या शरीराला दिवसातून तासभर धावण्याची सगळ्यात जास्त गरज होती, तिला त्याच तासात खुर्चीवर बसवलं होतं, आणि तेही शाबासकी म्हणून. यात कुणाचा वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. पण व्यायामाचा तास कुणाला कशासाठीही देऊन टाकता येतो, ही आपल्या सगळ्यांची समजूत आहे, आणि तिची किंमत अशा मुली मोजतात.

आता कोल्हापूरचं बोलते. हे गाव खेळाचं आहे, यात वाद नाही. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं खासबाग कुस्ती मैदान इथे आहे. पेठेपेठेत तालमी आहेत. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. ऑलिम्पिक पदक मिळवलेले खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजात शिकले. मुलींचंही नाव कमी नाही. 2010 साली म्युनिकला नेमबाजीत विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत आपली, 2018 च्या आशियाई स्पर्धेत नेमबाजीतच सुवर्णपदक घेतलेली राही सरनोबत आपली, भारताकडून क्रिकेट खेळलेली अनुजा पाटील आपली.

पण या गावात मुलग्याचा खेळ शाळेवर अवलंबून नाही. बुधवारचा तास गणितानं घेतला, तरी संध्याकाळी पेठेतली पोरं चेंडू घेऊन गल्लीत उतरतात, गांधी मैदानावर जातात. जोर-बैठका मारायला तालीम आहे. घरातलं कुणी अडवत नाही. मुलीचं तसं नाही. सातवी-आठवीत गेली, अंगानं भरायला लागली, की तिचं गल्लीत खेळणं बंद होतं. कुणी मोठा नियम करत नाही. आजी म्हणते, “आता मोठी झालीस, कुठं उड्या मारतीस?” मोकळ्या जागेत टवाळ पोरं उभी असतात. सहाला क्लास असतो, तो सुटेपर्यंत अंधार पडतो. रंकाळा तलावावर फिरायला जायचं तर आईला वेळ हवा. शाळेत जाणं-येणं रिक्षातून, आठ पोरी कोंबून. असं एकेक दार लागत जातं आणि तिला हातपाय मोकळे करायला शाळेचं मैदान तेवढं उरतं. तुम्ही तो तास काढून घेतलात, तेव्हा मुलांचा एक तास गेला. मुलींचा सगळा खेळ गेला. या पत्रात मला मुख्य सांगायचंय ते हेच.

आणि हे नेमकं ज्या वयात होतं, त्या वयाचं महत्त्व मी लॅबमधली बाई म्हणून सांगते. वयात येताना मुलीच्या अंगावर थोडी चरबी चढणं निसर्गाचंच काम आहे. मांड्या, कंबर भरणं म्हणजे लठ्ठपणा नव्हे. प्रत्येक भरलेल्या मुलीकडे आजारी म्हणून बघू नका, अशी माझी आधी विनंती आहे. पण याच काळात बैठं जगणं आणि अरबट-चरबट खाणं एकत्र आलं, की वजन गरजेपेक्षा पुढे जातं, आणि या वयात चढलेलं वजन बहुतेक वेळा मोठेपणीही सोबत राहतं. पुढे पाळीच्या तक्रारी, पीसीओडी, साखर, रक्तदाब, गुडघे. स्नायू काम करतात तेव्हा ते रक्तातली साखर स्वतः ओढून घेतात, इन्सुलिनवरचा भार कमी होतो. दोरीउड्या मारणाऱ्या पोरीच्या शरीरात हे रोज होत असतं. शिवाय हाडं. आयुष्यभर पुरवायची हाडांची ताकद मुलींमध्ये बहुतांशी अठराव्या वर्षापर्यंत भरून होते, आणि ती भरते उड्या, धावणं, वजन पेलणं यांतून. पन्नाशीत मनगट मोडून आलेल्या बायका मी बघते, तेव्हा त्यांचं शाळेतलं मैदान कसं होतं असा विचार मनात येतोच.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 च्या सूचनांत 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे, आणि आठवड्यातून किमान 3 दिवस हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम. म्हणजे आठवड्याला 420 मिनिटं. आपला खेळाचा तास 35 मिनिटांचा. तिसऱ्या मजल्यावरून खाली यायचं, रांगा लावायच्या, हजेरी घ्यायची, परत वर जायचं. हाताशी उरतात वीस मिनिटं. दोन्ही तास नीट झाले असते तरी चाळीस मिनिटंच होती, आणि आपण तीही काढून घेतली. 146 देशांमधल्या 11 ते 17 वयाच्या मुलांचा एक मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलग्यांपैकी सुमारे 78 टक्के आणि मुलींपैकी सुमारे 85 टक्के पुरेशी हालचाल करत नाहीत असं निघालं. म्हणजे हा प्रश्न जगभराचा आहे, पण जगभर आहे म्हणून आपण हात बांधून बसायचं का?

एक प्रामाणिकपणे सांगते. खेळाचा तास दिला की वजनाचा काटा झरझर खाली येईल, असा माझा दावा नाही. नुसत्या शाळेतल्या व्यायामानं वजनात पडणारा फरक लहानच असतो. खाणं, झोप, मोबाईल हे सगळं त्यात येतं, आणि त्यातलं बरंच आम्हा पालकांच्या हातात आहे. पण वजन उतरो न उतरो, दम वाढतो, साखर आटोक्यात राहते, हाडं भरतात, झोप लागते, मन हलकं होतं. आणि चढणारं वजन थोपवणं हे चढलेलं उतरवण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

आता माझ्या तक्रारी. मनात जशा साठल्या आहेत तशाच मांडते.

पहिली तक्रार वेळापत्रकाची. ‘खेळ / स्वाध्याय’ असं लिहिण्यापेक्षा ‘खेळ नाही’ असं लिहा, म्हणजे निदान आम्हाला कळेल. नववी-दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय आहे, त्याची श्रेणी निकालपत्रावर येते. माझ्या मुलीला गेल्या वर्षी आठवीतही याच विषयात ‘अ’ मिळाली. वर्षभरात ती मैदानावर किती वेळा उतरली, हे तिनं मला बोटांवर मोजून दाखवलं. दुसऱ्या हाताची गरज पडली नाही.

दुसरी तक्रार मला सगळ्यात जास्त खुपते. गेल्या वर्षी माझी मुलगी आठवीत असताना शाळेत आरोग्य तपासणी झाली. वर्गातच काटा ठेवला होता. एक जण वजन बघून मोठ्यानं सांगायचा, दुसरा लिहून घ्यायचा, आणि सगळा वर्ग ऐकत होता. माझ्या मुलीचा आकडा पुकारला गेला, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी एका जनावराचं नाव घेतलं आणि वर्ग हसला. लिहिणाराही हसला, असं ती म्हणते. त्या दिवशी डबा तसाच परत आला. दोन चपात्या, दोडक्याची भाजी, झाकण न उघडलेलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं युनिफॉर्मवर जर्कीन घालायला सुरुवात केली. ऑक्टोबरच्या उन्हात, गळ्यापर्यंत चेन लावून. मी म्हटलं, “काढ गं, घामाघूम झालीस.” ती म्हणाली, “असू दे.” आजही ती जर्कीन घालूनच जाते. सकाळचं खाणं टाळते आणि चारला घरी आली की भुकेनं कासावीस होऊन हाताला लागेल ते खाते. काट्यावर उभं केल्यानं तिचं वजन कमी झालं नाही. ती मैदानापासून मात्र आणखी लांब गेली, कारण धावताना सगळे आपल्याकडे बघतात असं तिला वाटतं. तपासणी जरूर करा. ती गरजेची आहे. पण एका मुलीचं वजन हे तिचं आणि तिच्या घरच्यांचं आहे, वर्गाचं नाही. आणि या वयात नुसतं वजन सांगून काही कळतही नाही. उंची आणि वय यांच्या तक्त्यावर ते बघावं लागतं. मोठ्यांचे आकडे मुलींना लावता येत नाहीत.

तिसरी गोष्ट कपड्यांची. शनिवारचा पी.टी.चा पांढरा गणवेश. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलीला पांढरी पँट घालून सूर्यनमस्कार घालायला सांगणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. महिन्यातले ते दिवस येण्याच्या नुसत्या भीतीनं मुली शनिवारी बुट्टी मारतात. पाळीत खेळू नये हेही खरं नाही. झेपेल तेवढी हालचाल केली तर बऱ्याच जणींचं पोटाचं दुखणं कमीच होतं. पण त्यासाठी डाग दिसणार नाही असे कपडे हवेत आणि कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह हवं. माझी मुलगी शाळेत दिवसभर पाणी पीत नाही, जावं लागू नये म्हणून. पाणी न पिता कोण धावेल?

शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं बंद करा. उशीर झाला, पाच फेऱ्या. गृहपाठ नाही, वीस उठाबशा. व्यायाम ही शिक्षा आहे हे आपणच शिकवतो आणि मग मुली व्यायामाला कंटाळतात म्हणून बोलतो.

शाळेत खेळ आहे, पण तो संघातल्या मोजक्या मुलींसाठी आहे. त्यांना साहित्य मिळतं, सराव मिळतो, जिंकल्या तर बोर्डावर फोटो लागतो. त्यांचं कौतुक मलाही आहे. पण उरलेल्या चाळीस जणी कट्ट्यावर बसून त्यांचं दप्तर सांभाळतात. जिला पळता येत नाही, जी जाड आहे, जिला दम लागतो, तिलाच संघाबाहेर काढलं जातं आणि खेळाची गरज तिलाच सगळ्यात जास्त असते. याच मुलींमध्ये रक्त कमी असलेल्याही असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019-21 च्या, देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच पाहणीत 15 ते 49 वयाच्या जास्त वजनाच्या बायकांचं प्रमाण आधीच्या पाहणीतल्या सुमारे 21 टक्क्यांवरून 24 टक्क्यांवर गेलेलं दिसलं. अंगानं भरलेली आणि रक्तानं कमी, अशी एकच मुलगी मी कितीदा बघते. तिला ‘आळशी’ म्हणू नका. लोहाची ती आठवड्याची निळी गोळी तिनं घेतली का, एवढं बघा.

मैदानाबद्दल थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या, 2009 च्या, परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीत शंभराच्या वर मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक हवा असंही आहे. आमच्या शाळेच्या मैदानाच्या निम्म्या भागावर पेव्हिंग ब्लॉक घालून तिथं गाड्या लावल्या जातात. खो-खोचा एक खांब दोन चारचाकींच्या मधे उभा आहे. त्याच्याकडे बघून मला भरून येतं, कारण मीही शाळेत खो-खो खेळले आहे. गारगोटीजवळच्या शाळेत, तांबड्या मातीत, स्कर्टच्या आत हाफ पँट घालून. मी काही चपळ नव्हते, संघात कधी घेतलं नाही. पण आमच्या बाई सगळ्यांना बसवायच्या, कुणालाही खो द्यायचा. पाठीवर थाप पडली की उठून जीव खाऊन पळायचं. गुडघे फुटायचे, वेण्या सुटायच्या, आणि मधल्या सुट्टीत भाकरी दुप्पट जायची. आपण कशा दिसतो हे त्या वीस मिनिटांत कुणाच्या मनातही यायचं नाही. माझ्या मुलीला ती वीस मिनिटं मिळावीत, एवढंच माझं मागणं आहे.

तुमच्या अडचणी मला कळत नाहीत असं समजू नका. एका पी.टी. सरांवर बाराशे मुलं आणि वर शाळेबाहेरची कामं. पावसाळ्यात आपल्याकडे मैदानाचं तळं होतं. आणि दहावीच्या टक्क्यांसाठी पालकच तुमच्या मागे लागतात. जूनच्या सभेत “नववीपासूनच जादा तास घ्या” असं म्हणणाऱ्या आया होत्या. मी तेव्हा गप्प बसले. ती माझी चूक झाली. आज जाहीरपणे लिहितेय त्याचं एक कारण तेही आहे. गणितासाठी क्लास आहे, मोबाईलवर व्हिडिओ आहेत, घरात मी आहे. मैदानाला मात्र आमच्याकडे पर्याय नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट सांगते. आठवड्याचे दोन्ही खेळाचे तास वेळापत्रकात परत घाला, तिरकी रेघ न मारता, आणि ते दुसऱ्या कुठल्याही विषयाला, रजिस्टरांना, स्नेहसंमेलनाच्या तयारीला द्यायचे नाहीत असं लेखी काढा. त्याशिवाय रोज प्रार्थनेनंतर पंधरा-वीस मिनिटं अख्ख्या शाळेनं हालचाल करावी. त्याला साहित्य लागत नाही. पाऊस असला तर व्हरांड्यात, हॉलमध्ये. सूर्यनमस्कार, दोरीउड्या, लेझीम चालेल. मुलींना झिम्मा-फुगडी घालू द्या. गौरीच्या जागरणाला रात्ररात्र फुगड्या घालणाऱ्या बायकांच्या नाती आहेत त्या, दहा मिनिटांत दम काढतील. आपल्या कोल्हापूरचे मर्दानी खेळ आहेत, लाठी-काठी आहे. काठी फिरवताना मुलगी आपल्या पोटाकडे बघत नाही, काठीकडे बघते.

पांढरा गणवेश बदलून गडद रंगाची ट्रॅक पँट द्या, यंदापासूनच. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी, पाणी आणि पॅड टाकायला झाकणाचा डबा, हे महिनाभरात होण्यासारखं आहे. वजन-उंची पडद्याआड, एकेकीची, बाईंनी घ्यावी. आकडा मोठ्यानं बोलू नये, आणि तो बंद पाकिटातून पालकांना द्यावा. वर्गात कुणी चिडवलं तर ते शिक्षकांनी हसण्यावारी नेऊ नये. मुलींसाठी आठवड्यातून निदान दोन दिवस महिला प्रशिक्षक नेमा, अर्धवेळ का असेना. या गावात शाळा-कॉलेजात खेळून आता घरी बसलेल्या कितीतरी जणी आहेत, त्यांना बोलवा, त्या येतील. गाड्या मैदानाबाहेर लावा. शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकाशी काय विकलं जातं तेही बघा. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त तेला-मिठा-साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षेचा 2020 चा नियम आहे.

आणि संघ निवडा, जिंका, फोटो लावा, पण वर्षातून एक दिवस असा ठेवा की प्रत्येक मुलगी मैदानावर उतरेल आणि कुणाचाही नंबर काढला जाणार नाही.

शाहू महाराजांनी 1917 मध्ये या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरांना शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड होता. त्याच राजानं तालमींना खुराक पुरवला. शिक्षण की शरीर, असा प्रश्न त्यांना पडला नव्हता. त्यांचा फोटो आपल्या प्रत्येक शाळेच्या ऑफिसात आहे, म्हणून त्यांची आठवण दिली.

हे पत्र लिहिताना आम्ही सहा आया एकत्र आलो आहोत. दोघी कॉलेजपर्यंत कबड्डी खेळल्या आहेत, एकजण योगासनं शिकवते, मला अजून दोरीवर न थांबता पन्नास उड्या मारता येतात. शनिवारी सकाळची शाळा असते आणि माझी त्या दिवशीची ड्यूटी दुपारची असते. परवानगी दिलीत तर पहिले दोन महिने दर शनिवारी आम्ही येऊन मुलींबरोबर मैदानावर उभ्या राहू, पी.टी. सर सांगतील तसं, एक पैसा न घेता. तीस दोऱ्या आम्ही वर्गणी काढून घेतल्या आहेत. लाकडी मुठीच्या, लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या. माझ्या घरी पिशवीत भरून ठेवल्या आहेत. त्यातली एक माझ्या मुलीनं काल रात्री काढली, जर्कीन खुंटीला अडकवलं आणि गच्चीवर गेली. मी खाली जिन्यात उभी राहून मोजत होते. सतरापर्यंत गेली, अडकली, परत सुरू झाली.

कुठल्या शनिवारी येऊ, तेवढं कळवा.

आपली,
नववीतल्या एका मुलीची आई,
कोल्हापूर